डाव्या चाकाचा संशय

विमान बांधायला घेतलं की प्लायवूड, पाइप, नटबोल्ट, कापड सगळं विकत आणावं लागतं. किस्से तेवढे फुकट जमतात. वेल्डिंगच्या दुकानात लोखंडाचा भुगा साठतो ना, तसेच! झाडायला कुणाला वेळ नसतो, आणि एक दिवस बघावं तर कोपऱ्यात ढीग. आमच्या ढिगात विमानाचे किस्से थोडे आणि संशयाचे जास्त आहेत.

लातूर-निलंगा रस्त्यावर माझं दुकान. बैलगाडीची लाकडी चाकं काढून तिला बेअरिंगचा आस आणि रबरी टायर बसवून द्यायचे, हे माझं खरं काम. नाव बालाजी. आधीच सांगून ठेवतो, मी जन्माचा संशयी माणूस आहे. गिऱ्हाईक हसत आलं तरी मला वाटतं, हा का हसतोय?

अशा माणसाच्या दुकानात एका सकाळी माणिकराव आले. विमानदलात नोकरी करून गावी परतलेले. पायलट नव्हे बरं का! चाकं आणि ब्रेकच्या विभागात फिटर. जन्मभर दुसऱ्यांची चाकं बसवून दिली आणि त्यांना उडताना खालून बघितलं. आता एकदा, एकदाच, आपल्या हातानं केलेल्या विमानातून आपण वर जायचं, एवढी एकच इच्छा घेऊन माणूस घरी आला होता.

"जय भीम, बालाजी. गाडीचा आस करतोस ना? मला एक हलका पाहिजे. विमानाला."

मी विचारलं, "बैल कुठंयत?"

* * *

ते दुष्काळाचं वर्ष होतं. लातूर नुकताच नवा जिल्हा झालेला. कमानी झाल्या, सत्कार झाले, नव्या पाट्या लागल्या. पाणी तेवढं व्हायचं राहिलं होतं.

माणिकरावांची पत्र्याची शेड गावाच्या कडेला. तिच्यासमोर लिंबाचं झाड, आणि झाडाखाली तुकाराम आबांनी आपली बाज आणून टाकली. आबा म्हणजे गावातलं वजनदार माणूस. त्यांनी 'हाव' म्हटलं की गाव 'हाव' म्हणतं. बाज कशासाठी, तर शेडवर नजर ठेवायला!

"गेल्या साली हस्तात ढग आले व्हते," आबा सगळ्यांना सांगायचे. "वरून एक इमान गेलं, घर्रर करत. ढग फाटले, पांगले. म्या ह्या डोळ्यानं बघितलं. अन् ह्यो माणिक तसलंच मशीन गावात करून ऱ्हायलाय!"

माणिकराव बिचारे बाजेशेजारी उकिडवे बसले. ढग कसे होतात, वारा कसा वाहतो, एवढ्याशा विमानानं ढगाला काहीही होत नाही, हे त्यांनी मातीत रेघा ओढून समजावलं. आबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"येवढं समजावून सांगून ऱ्हायलास," आबा म्हणाले, "म्हंजी काहीतरी हाय!"

मग गाव बसलं आणि ठरलं. मृग निघायच्या आत मशीन शिवेबाहेर गेलं पाहिजे, नाहीतर पंख मोडून खांद्यावरून नेऊन टाकू. आणि ते न्यायला कुणी बैल द्यायचे नाहीत, गाडी द्यायची नाही, ट्रॅक्टर द्यायचा नाही.

शिवेपलीकडं माणिकरावांच्या मामेभावाचा पडीक माळ होता. टणक, सपाट, उडायला चांगला. म्हणजे विमान तिथवर पोचलं तर माणिकराव उडणार, नाही पोचलं तर सरपण होणार. पंख तयार होते आणि मागं दुमडतही होते. शेपूट तयार होतं. इंजिन फटफट करत होतं. नव्हती ती फक्त चाकं!

* * *

बेअरिंग नांदेडला मिळतील, असं कासीमभाई म्हणाले. कासीमभाई औसा रोडवरचे लेथवाले. चाकाचा मधला गड्डा, म्हणजे हब, त्यांनीच कातून दिला होता. मला त्यांचा पहिल्या दिवसापासून संशय. दुकान त्यांच्या ओळखीचं, म्हणजे माल डुप्लिकेट असणार. खोकं असली, आत नकली.

माणिकरावांबरोबर आम्ही दोघं निघालो. एसटीत मी मुद्दाम कासीमभाईंच्या मागं बसलो, लक्ष ठेवायला. ते खिडकीला डोकं टेकून घोरत होते. मी म्हटलं, सोंग आहे. लोह्याला गाडी थांबली तेव्हा त्यांनी उतरून गरम भजी आणली आणि पुडा माझ्यापुढं धरला. मी आधी वास घेतला.

"बालाजी," कासीमभाई म्हणाले, "भज्जी है रे बाबा, पोलिस का पंचनामा नै!"

नांदेडच्या दुकानात माणिकरावांनी पहिलं बेअरिंग उचललं, कानाशी धरलं, डोळे मिटले आणि बोटानं हळूहळू फिरवायला लागले. दुकान एकदम चिडीचूप. गल्ल्यावरचा मालक श्वास रोखून बघतोय. शेवटी त्याच्यानं राहवेना.

"काय म्हणतंय?"

"खोटं बोलतंय," माणिकराव म्हणाले आणि बेअरिंग बाजूला ठेवलं.

दुसरं कानाला. तेही खोटं बोललं. तिसरं बरळत होतं म्हणे. काउंटरवर बेअरिंगांची रांग लागली, बाहेर गिऱ्हाइकांची लागली.

"साब," कासीमभाई वैतागून म्हणाले, "बेअरिंग लेने आये की लडकी देखने? अब चला के देखो, गाना गवाव, सुई में धागा डलवाव!"

शेवटी चार बेअरिंगं पास झाली. एका चाकाला दोन. आम्ही पायरी उतरलो आणि मी सवयीनं मागं वळून पाहिलं. मालकानं नापास झालेलं एक बेअरिंग स्वतःच्या कानाला लावलं होतं आणि डोळे मिटून फिरवत होता. चेहरा मात्र पडलेला!

* * *

माणिकरावांच्या पत्नीला सगळं गाव 'बाई' म्हणतं, कारण त्या गावच्या शाळेत शिकवतात. बाईंचा संशय वेगळा होता.

आधी घरातलं रॉकेल कमी व्हायला लागलं. रॉकेल रेशनचं. बाईंनी डब्यावर खडूनं रेघ ओढली. दुसऱ्या दिवशी रेघ जागेवर, रॉकेल खाली. मग मोठी कढई गेली. तरी बाई गप्प बसल्या. पण एक दिवस पेटीतली त्यांची मलमलची जुनी साडी गेली, हिरव्या काठाची. तेव्हा मात्र त्यांच्या डोक्यात तिडीक गेली. नवरा बायकोची साडी घराबाहेर नेतो, ती कुणाला?

शाळा सुटल्यावर बाई तडक शेडकडं निघाल्या. त्यांची चाल बघूनच आबा बाजेवर उठून बसले. मशीन मोडायचं काम परस्पर होतंय, असं त्यांना वाटलं असणार.

बाईंनी दार ढकललं. आत आढ्याला एक झोळी टांगलेली, आणि माणिकराव तिच्यावर वाकून अगदी हळू आवाजात म्हणत होते, "बघू, बघू, धूळ नाही ना लागली?"

त्याचं असं आहे, बेअरिंग रॉकेलनं धुवायचं, पुसायचं, ग्रीस भरायचं आणि हबमध्ये बसेपर्यंत धुळीपासून जपायचं. त्या वर्षी तर गावात पाण्यापेक्षा धूळच जास्त होती. साध्या फडक्याची कुसं आत राहतात, म्हणून मलमलच हवी असा माणिकरावांचा हट्ट. साडीचे तुकडे फाडलेले, काठाचे दोरे लोंबतायत, आणि झोळीत ती चार बेअरिंगं तेल लावून, पुसून, गुंडाळून ओळीनं निजवलेली!

बाई झोळीत बघत राहिल्या. मग पदर खोचत म्हणाल्या, "मी सवत बघायला आले होते हो. इथं तर बाळंतपण निघालं!"

त्या दिवसापासून बाई आमच्यातल्या झाल्या. कढई मात्र त्यांना परत मिळाली नाही. तिचं काम अजून बाकी होतं.

* * *

बेअरिंगची बाहेरची कडी हबमध्ये घट्ट बसवावी लागते. मी म्हटलं, हातोडा मारतो की! माणिकरावांनी माझ्याकडं असं बघितलं की मी हातोडा पाठीमागं लपवला. त्यांची पद्धत वेगळी. हब गरम तेलात टाकून फुगवायचा, कडी बर्फात ठेवून आकसवायची. मग ती आपसूक आत उतरते.

तर मी लातूरहून बर्फाची लादी आणली. भुशात घोळवून, पोत्यात बांधून, सायकलच्या कॅरियरवर. पोत्यातून टपटप पाणी गळतंय. आबांनी बाजेवरून बघितलं आणि उठून उभे राहिले. आमच्याकडं लादीचा बर्फ एकाच कारणानं येतो. घरात कुणी गेलेलं असतं आणि लांबचं माणूस पोचायचं असतं.

"कोन गेलं रं?" आबांनी विचारलं.

"कुणी न्हाई," मी म्हणालो.

हेच चुकलं. "कुणी न्हाई म्हंजी? लपवून ऱ्हायलाव!"

बघता बघता शेडसमोर माणसं मान खाली घालून जमली. कोण गेलं हे कुणालाच माहीत नव्हतं, तरी दोन बायकांनी पदर डोळ्याला लावला. कुणीतरी वर्दी दिली आणि चौकीवरचे जमादारसाहेब मोटरसायकलवर आले.

"बॉडी कुठंय?" त्यांनी दारातनंच दरडावलं.

आत कढईत तेल उकळतंय, हब त्यात बुडालाय, धूर झालाय. माणिकरावांचं सगळं लक्ष कढईत. मान वर न करता ते म्हणाले, "साहेब, एक मिनिट थांबा, आत्ता तळून होतंय!"

जमादारांचा हात काठीवर गेला. तेवढ्यात माणिकरावांनी पकडीनं हब बाहेर काढला आणि बाईंनी बर्फातली कडी त्यात सोडली. टप्! हात न लावता तळाशी बसली. जमादार काठी खाली ठेवून हबमध्ये डोकावले. "परत दाखवा," म्हणाले. आम्हाला चार कड्या बसवायच्या होत्याच. साहेबांनी चारही उभ्यानं पाहिल्या.

काम झालं आणि लादी उरली. रडायला आलेल्या बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. आबांची सून पुढं झाली आणि हळूच बाईंना म्हणाली, "बाई, त्ये वितळून ऱ्हायलंय. घागर आणू का?" बाईंनी मान हलवली आणि शेडसमोर घागरींची रांग लागली. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. मयताला म्हणून आलेली माणसं बर्फाचं पाणी घेऊन घरी जात होती, आणि तोंडं उजळली होती.

जमादारांनीही गार पाणी घेतलं. आबांना मी पेला नेऊन दिला. त्यांनी तो उजेडात धरून बघितला, वास घेतला आणि जमिनीवर ठेवला.

"त्यात काहीतरी हाय," आबा म्हणाले.

* * *

हा किस्सा छोटा आहे. विमानाची कुठंतरी नोंद करावी म्हणून माणिकराव लातूरला एका कचेरीत गेले. मी सोबत. जिल्हा नवा, कपाटं नवी, साहेबही नवे. साहेब भले होते, पण त्यांनाही संशय आलाच.

"काम कधी सुरू केलं?"

"जिल्हा व्हायच्या आधी."

"मग हे विमान उस्मानाबाद जिल्ह्यातलं झालं. आमच्याकडं कसं आलं?"

"आलं नाही साहेब. ते जागेवरच आहे. जिल्हाच आमच्याकडं आला."

साहेबांनी अर्ज उलटा करून बघितला. "चाकं किती?"

"पुढं दोन, शेपटीला एक छोटं."

"तीन!" साहेबांचा चेहरा खुलला. "मग आधी सांगायचं ना, रिक्षात टाकतो!"

* * *

चाकं आसावर चढली आणि खरी भांडणं सुरू झाली. आम्ही शेडच्या आतल्या आत विमान ढकलून बघितलं तर ते डावीकडं वळायला लागलं. उजवं चाक गरगर फिरतंय, डावं ओढतंय. जणू त्याला जायचंच नव्हतं.

आसाच्या टोकाला एक खाचांचा नट असतो. तो आवळला की बेअरिंग दाबलं जातं, सोडला की चाक डुगडुगतं. माणिकरावांची शिकवण अशी: चाक फिरवत फिरवत नट आवळायचा, चाक जड झालं की एक खाच मागं यायचं, मग खाचेतून पिन घालून तिचे दोन पाय उलट्या दिशांना वाकवायचे. पिन कशी वाकवायची हे त्यांनी आम्हा तिघांकडून पुनःपुन्हा करून घेतलं होतं, मी, कासीमभाई आणि बाई. आबा बाजेवरून हे सगळं टक लावून बघायचे. शेडचं दार बंद केलं की आबा ओरडायचे, "दार का लावून ऱ्हायलाव? काय लपवताव?" म्हणून दार उघडंच असायचं.

एका सकाळी माणिकरावांनी नटावर आणि आसावर मिळून लाल रंगाची एक रेघ मारली. दुसऱ्या दिवशी बघतात तर रेघ तुटलेली. नट कुणीतरी फिरवला होता!

"कोण?" माणिकरावांनी विचारलं. आवाज असा की बाहेर आबासुद्धा सावरून बसले.

मी कासीमभाईंकडं बघितलं. कासीमभाई माझ्याकडं. शेवटी मीच म्हणालो, "मी सैल केला. गाडीचं चाक जरा खुळखुळलं पाहिजे, तरच बैलाला हलकं जातं." मला आजही वाटतं, त्यात माझं काही चुकलं नव्हतं.

कासीमभाई उसळले. "तभी! मैं बोला ढीला कैसा हुआ? मैंने कसके टाइट किया ना! इंजन का काम है, खुळखुळा है क्या?"

म्हणजे मी सोडत होतो, ते आवळत होते, आणि दोघांनाही वाटत होतं की तिसराच कुणीतरी घातपात करतोय. आमची जुंपली. त्यांनी माझ्या टायरगाड्या काढल्या, मी त्यांची नांदेडची बेअरिंगं काढली. माणिकराव डोकं धरून बसले. तेवढ्यात बाईंनी घसा खाकरला.

"मीही फिरवलाय," बाई म्हणाल्या. "तुम्ही दोघं भांडत होता, म्हणून मी मधोमध आणून ठेवला."

माणिकरावांनी चाक धरून हलवलं, फिरवलं. नट अगदी जिथं पाहिजे तिथं होता! तरीही डावं चाक ओढतच होतं. माणिकरावांनी पुन्हा लाल रेघ मारली आणि आम्हा तिघांनाही त्या चाकाला हात लावायची बंदी केली. मृग जवळ आला होता. चाक उघडून पुन्हा सगळं धुवायला वेळ नव्हता.

* * *

आता हा शेवटचा.

मृग निघायच्या आदल्या दिवशी आम्ही विमान शेडबाहेर काढलं. पंख मागं दुमडलेले. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला कासीमभाई, पुढं दोर धरून माणिकराव, शेपटीला बाई. डावीकडं ओढलं की बाईंनी शेपूट सावरायचं. गाव दुतर्फा हाताची घडी घालून उभं. हात कुणी लावला नाही. मागून काठी टेकत आबा.

"आवाज का येत न्हाई?" आबांनी विचारलं.

"बेअरिंगचं चाक आहे, आबा. आवाज नसतोच," माणिकराव म्हणाले.

"बिनआवाजाचं कोन जातंय? चोर!"

शिवेवर शेंदूर फासलेला दगड आहे. तिथपर्यंत आलो आणि आभाळ भरून आलं. नैऋत्येकडून काळे ढग, असे की गेल्या दोन वर्षांत कुणी पाहिले नव्हते. आबांनी वर बघितलं. मग विमानाकडं बघितलं. परत वर. आणि एकदम काठी आडवी धरून पुढं येऊन उभे राहिले.

"थांब! हितनं पुढं एक पाऊल टाकायचं न्हाई!"

"आबा, तुम्हीच म्हणालात ना बाहेर काढा म्हणून!"

"शेडात व्हतं तवर ढग न्हवते. भाईर काढलं अन् आले. आता शिव वलांडली तर ढग बी तिकडं जातील!"

पलीकडच्या गावची माणसंही जमली होती. आदल्या आठवड्यात त्यांनी निरोप धाडला होता की ते मशीन आमच्या माळावर आणलं तर बघून घेऊ. तीच माणसं आता हात करून बोलावत होती, "येऊ द्या, येऊ द्या! भाऊचा माळ म्हंजी आपलाच माळ!" त्यांनी पुढून दोर धरला, आबांच्या माणसांनी मागून शेपूट धरलं. उजवं चाक शिव ओलांडून गेलं. डावं ओढत होतं, म्हणून ते अलीकडंच राहिलं. विमान एका चाकानं इकडं आणि एका चाकानं तिकडं.

"झगडा कायको करते?" कासीमभाई ओरडले. "बादल का सातबारा निकालो!"

शेवटी ठरलं की पाऊस पडेपर्यंत विमान आहे तिथंच राहील. आबांनी बाज उचलून शिवेवर आणली. आम्ही जड पायांनी घरी गेलो.

सकाळी येऊन बघतो तर विमान दगडांच्या थप्पीवर बसलेलं आणि दोन्ही चाकं गायब!

आबा बाजेवर बसून तंबाखू मळत होते. "मला झोप लागली," म्हणाले.

माणिकराव आसाजवळ बसले. आस उघडा नव्हता. मलमलच्या तुकड्यात नीट गुंडाळलेला. आत ताजं ग्रीस, नट परत फिरवून बसवलेला आणि खाचेत पिन. पिनेचे दोन्ही पाय माणिकराव शिकवतात तसेच, उलट्या दिशांना, टोकं आत घेऊन. माणिकरावांनी पिनेवरून बोट फिरवलं. मग त्यांनी एकेक करून आमच्याकडं बघितलं. माझ्याकडं, कासीमभाईंकडं, आणि स्वतःच्या बायकोकडंसुद्धा.

"गावाला हे येत नाही," ते म्हणाले. "मी हे तिघांनाच शिकवलंय."

मला राग आला आणि त्यांची कीवही आली. जन्माची एक इच्छा होती माणसाची, आणि ती आपल्याच माणसानं दगडावर आणून ठेवली असं त्यांना वाटत होतं. खरं सांगायचं तर मलाही कासीमभाईंचाच संशय होता. आणि कासीमभाई माझ्याकडं जसे बघत होते, त्यावरून त्यांना कुणाचा होता ते कळतच होतं.

मग आमचं बोलणं बंद झालं. कासीमभाई रस्त्यानं दिसले तर मी दुकानात जाऊन बसायचो. बाई शाळेतून घरी, घरातून शाळेत. माणिकराव शेडकडं फिरकलेच नाहीत. आभाळात ढग तसेच उभे होते, आणि गाव मान वर करून बसलं होतं.

एका दुपारी वारं सुटलं आणि सगळे ढग, एक थेंब न पाडता, नांदेडच्या अंगाला निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांचा निरोप आला. चौघांनीही या. आम्ही चार वाटांनी शिवेवर पोचलो, एकमेकांकडं न बघता. विमान चाकांवर उभं होतं. दोन्ही चाकं बसवलेली, दगड बाजूला रचून ठेवलेले.

माणिकराव वाकले. चाक दोन्ही हातांनी धरून हलवलं. डुगडुगलं नाही. मग डावं चाक जरा उचलून फिरवलं आणि कान लावला. चाक फिरत राहिलं, फिरत राहिलं, थांबेचना.

"काय म्हणतंय?" मी न राहवून विचारलं.

"खरं बोलतंय," माणिकराव म्हणाले आणि डोळे पुसले.

आबा काठीवर रेलून उभे होते. "माणिक, ह्ये मशीन ढग पांगवतंय का न्हाई?"

"नाही, आबा. कितीदा सांगू?"

"बरं, पांगवतंय म्हनून धर. जे पांगवतंय त्याला वळवाया बी येतंय. जनावरं न्हाई का वळवून आणीत आपुन? लई लांब गेले नसतील, नांदेडकडंच असतील." आबांनी काठी माळाकडं रोखली. "जा. वर जा, अन् घेऊन ये."

मागं गावातली माणसं उभी होती. ती पुढं आली आणि त्यांनी पहिल्यांदाच विमानाला हात लावला. माणिकरावांनी दोर उचलला, पण पाऊल टाकेनात.

"आबा, चाकं कुणी बसवली?"

"मला काय कळतंय त्यातलं!" आबा म्हणाले. "म्या आपला बाजंवर बसून नजर ठेवून ऱ्हायलो व्हतो."

मग त्यांनी धोतराच्या सोग्याची गाठ सोडली, आतून ग्रीसनं माखलेला हिरव्या दोऱ्याचा एक गुंता काढला आणि बाईंच्या हातावर ठेवला.

"डावं चाक आता न्हाई वढायचं."